बेसमेंटच्या भिंतीतली गळकी भेग आतून कशी भरायची

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा उरलेला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला. न्यूअर्कला त्या एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस झाला. गणपती नऊ दिवसांवर आले होते. सकाळी मखराचा खोका आणायला मी बेसमेंटमध्ये गेले, खोका उचलला, तर वरचा भाग हातात आला आणि तळ जमिनीलाच चिकटून राहिला. मागच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत एक बारीक तिरकी भेग होती. तिच्यातून पाणी ओघळत होतं. घर घेताना इन्स्पेक्टरने ती दाखवली होती, पण तेव्हा ती कोरडी होती, म्हणून आम्ही सोडून दिली.

त्या भेगेवर मी दोनदा काम केलं. पहिलं काम एका हिवाळ्यातच सुटलं. दुसरं आजही कोरडं आहे. पहिल्या वेळी मी भेगेचं फक्त तोंड बंद केलं होतं. भिंत आठ इंच जाड असेल तर भेगही आठ इंच खोल असते, आणि पलीकडून ओली माती तिला टेकलेली असते. आतल्या बाजूने पाव इंच सिमेंट लावलं तरी उरलेल्या पावणेआठ इंचांत पाणी उभंच राहतं. भेग पूर्ण जाडीभर भरली गेली पाहिजे. या लेखातलं सगळं त्यासाठीच आहे.

आधी भेग ओळखा

इथल्या थंड भागांत घराचा पाया जमीन गोठते त्या खोलीच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणायचंच आहे तर तिथे खोलीच करून घेऊ, असा बेसमेंटचा हिशेब. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक घरांत या भिंती साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. काँक्रीट वाळताना आकसतं, आणि जिथे भिंत कमकुवत असते तिथे फाटतं. खिडकीचे खालचे कोपरे ही त्याची ठरलेली जागा. अशी उभी किंवा तिरकी, बारीक भेग घराला धोका नसते. ती फक्त गळते, आणि ती घरी भरता येते.

पुढच्या चारपैकी काही दिसलं तर मात्र हा लेख इथेच थांबवा. भिंतीच्या मधोमध आडवी गेलेली भेग. भिंत आत फुगल्यासारखी वाटणं. लांब सरळ पट्टी लावली की ते लगेच कळतं. भेगेची एक कड दुसरीपेक्षा पुढे आलेली असणं. बोट फिरवलं की ती पायरी जाणवते. आणि पाव इंचापेक्षा रुंद भेग. या खुणा बाहेरच्या मातीचा रेटा किंवा पाया खचणं सांगतात, त्यामुळे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी देऊन स्वतंत्र मत घ्या. वॉटरप्रूफिंग विकायला आलेल्या माणसाचं मत वेगळं आणि इंजिनिअरचं वेगळं. आमच्याकडे त्या आठवड्यात एका कंपनीचा माणूस येऊन गेला. एका भेगेसाठी त्याने सगळ्या बेसमेंटची जमीन कडेने फोडून नाली आणि पंप बसवायचं अंदाजपत्रक दिलं. जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यातून चारही बाजूंनी पाणी येत असेल तर ते काम बरोबर असतं. आमचं पाणी एका रेषेतून येत होतं.

भिंत काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांची असेल तरीही ही पद्धत चालत नाही. भरायचा माल ठोकळ्यांच्या पोकळीत पडून जातो. अशा भिंतीवर सांध्यांच्या रेषा दिसतात आणि भेग जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी जाते.

रुंदी मोजायला खिशातलं नाणं पुरतं. डाइमची कड १.३५ मिलिमीटर असते, क्वार्टरची १.७५. डाइम भेगेत शिरत नसेल तर भेग बारीक आहे. दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहून ठेवा. पुढे भेग वाढते आहे की नाही, याचा पुरावा तोच.

एक शंका आधी फेडून घ्या. उन्हाळ्यात दमट हवा थंड भिंतीला लागली की भिंतीला घाम येतो, आणि माणसं त्याला गळती समजतात. दोन फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. खोलीकडची बाजू ओली झाली तर हवेतला दमटपणा. त्याला डीह्युमिडिफायर लागतो. भिंतीकडची ओली झाली तर पाणी पलीकडून येतंय. भेगेच्या कडेने पांढरी पूड दिसली तर घाबरू नका, ती बुरशी नाही. पाण्यासोबत आलेले काँक्रीटमधले क्षार आहेत. पाणी किती उंचीवरून आत येतं हेही ती पूड दाखवते.

मग बाहेर फेरी मारा

कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात तेव्हा आधी पागोळ्या कुठे पडतात ते बघतात. इथेही तेच. एक इंच पाऊस हजार चौरस फूट छपरावर पडला की सहाशेहून जास्त गॅलन पाणी पन्हळीतून खाली येतं. पन्हळ पानांनी तुंबलेली असेल किंवा तिचा खालचा पाइप भिंतीशीच सोडलेला असेल, तर ते सगळं पाणी तुमच्या भेगेच्या मागे जातं. आमच्या भेगेच्या बरोबर वर असाच एक पाइप होता. तो भिंतीपासून निदान सहा फूट लांब न्या. घराला लागून माती खाली बसली असेल तर भर घालून उतार करा: पहिल्या दहा फुटांत सहा इंच, हा इथल्या बांधकाम नियमाचाच आकडा आहे. खिडकीबाहेरच्या खड्ड्यातली पानं काढा.

हे न करता आतून कितीही भेग भरली तरी ती आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. पन्हळीचं काम एका शनिवारचं आहे आणि बहुतेक फुकटात होतं. काही घरांत तेवढ्यानेच गळती थांबते.

कोणता माल घ्यायचा

दुकानात तीन गोष्टी दिसतील.

हायड्रॉलिक सिमेंट सगळ्यात स्वस्त. ते तीन ते पाच मिनिटांत घट्ट होतं, ओल्यातही. माझं पहिलं काम त्याचंच. भिंत ऋतूप्रमाणे किंचित आकसते, प्रसरते. सिमेंट ताठ असतं, ते एका कडेला सुटतं, आणि मार्चच्या बर्फवितळीत पाणी त्या कडेने पुन्हा आत येतं. वाहतं पाणी तात्पुरतं थोपवायला ते उत्तम. भेगेवरचा कायमचा इलाज म्हणून घेऊ नका.

इपॉक्सी भेगेच्या दोन कडा एकमेकींना पक्क्या चिकटवते, काँक्रीटपेक्षाही मजबूत. पण भेग आतून पूर्ण कोरडी हवी. गळणाऱ्या भेगेत ते जमणं कठीण. भिंतीची ताकद परत मिळवायची असेल तर इपॉक्सीच, पण तो निर्णय इंजिनिअरचा.

पॉलीयुरेथेन पाणी लागलं की फुगतं, फेस होऊन भेगेच्या कानाकोपऱ्यात शिरतं, आणि सुकल्यावर थोडं लवचीक राहतं. ओल त्याला चालते, किंबहुना लागते. पुण्या-मुंबईत पार्किंगच्या बेसमेंटना पीयू ग्राउटिंग करतात ते याच जातीचं. तिथे भोकं पाडून पंपाने जास्त दाबाने भरतात. घरगुती किटमध्ये भोकं पाडायची नसतात. भेगेवर छोटी प्लॅस्टिकची नळकांडी चिकटवायची आणि साध्या कॉकिंग गनने (नळीतला माल खटका दाबून बाहेर ढकलणारं हत्यार) हळू दाब द्यायचा. गळती थांबवायची असेल तर नवख्या माणसाने हेच घ्यावं. आठ-दहा फुटांच्या भेगेला पुरेल असं किट मला दीडशे डॉलरच्या आत मिळालं. माणूस बोलावला असता तर त्याच्या कितीतरी पट गेले असते.

किटमध्ये नळकांडी (त्यांना पोर्ट म्हणतात), वरून लिंपायची दोन भागांची इपॉक्सी पेस्ट, पॉलीयुरेथेन भरलेल्या जोडनळ्या आणि त्यांना लावायच्या मिसळणाऱ्या चोची असतात. चोची दोन-तीन जास्तीच्या घ्या. घरचं सामान: तारेचा ब्रश, व्हॅक्यूम, पुट्टीची पातळ पात, हेअर ड्रायर, खिळे, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, अंगावर टाकून द्यायला चालतील असे कपडे, आणि जमिनीवर अंथरायला प्लॅस्टिक. मोजे घातल्याशिवाय पॉलीयुरेथेनला हात लावू नका. कातडीवर सुकलं की ते कशानेही निघत नाही, आठवडाभर काळे डाग घेऊन फिरावं लागतं.

पहिला दिवस: साफसफाई आणि लिंपण

भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच भिंत अगदी उघडी हवी. रंग, जुनं सिमेंट, पांढरी पूड, सगळं तारेच्या ब्रशने काढा. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. खरवडण्याआधी तपासून घ्या. काँक्रीटची धूळ फुप्फुसांना वाईट असते, म्हणून एन-९५ मास्क लावाच. ग्राइंडर शक्यतो नको, त्याची बारीक धूळ भेगेतच जाऊन बसते आणि माल आत जायची वाट बंद होते. छिन्नीने भेग खोदून रुंद करण्याचीही गरज नाही. शेवटी व्हॅक्यूमचं निमुळतं तोंड भेगेवरून दोन-तीनदा फिरवा. माझे या कामात दोन तास गेले, सगळा वेळ जुनं सिमेंट काढण्यात.

पेस्ट कोरड्या पृष्ठभागालाच धरते. भिंत ओलसर असेल तर हेअर ड्रायरने वाळवा. पाणी वाहतच असेल तर ती जागा हायड्रॉलिक सिमेंटने थोपवा, किंवा सरळ चार कोरडे दिवस थांबा. मी थांबले.

पोर्ट किती अंतरावर लावायचे? भिंत जितकी जाड तितक्या. आठ इंच जाडीच्या भिंतीला दर आठ इंचांवर एक. माल आत ढकलला की तो खोलवर जातो तसा वरही चढतो. पुढच्या पोर्टमधून तो दिसेपर्यंत साधारण तेवढाच आत पोचलेला असतो, म्हणून हे माप. आठ फुटांच्या भेगेला बारा पोर्ट लागतात. तिरकी भेग भिंतीच्या उंचीपेक्षा लांब असते, तेव्हा टेप भेगेवरूनच धरा.

पेस्टचे दोन भाग समान घेऊन पुठ्ठ्यावर कालवा. एम-सील मळताना दोन रंगांचा एक रंग होईपर्यंत मळतो, तसंच. रेघ दिसते तोवर झालेलं नाही. थोडं थोडं करा, ते लवकर घट्ट व्हायला लागतं. पोर्टच्या बुडाला कडेने पेस्ट लावा, मधलं भोक मोकळं ठेवा. भोकातून एक खिळा घालून त्याचं टोक भेगेत टेकवा आणि त्या खिळ्याच्या आधाराने पोर्ट दाबून बसवा. मग खिळा काढा. इथे घाई नको. पोर्ट भेगेपासून पाव इंच बाजूला सरकला तरी त्याच्यामागे निव्वळ काँक्रीट असतं, आणि उद्या तिथे कितीही जोर लावला तरी थेंब आत जात नाही. माझा खालून चौथा पोर्ट असाच बसला होता. तो काढून पुन्हा लावावा लागला.

सगळे पोर्ट बसले की मधली भेग पेस्टने लिंपून टाका: दोन्ही बाजूंना एकेक इंच रुंद, तीन मिलिमीटर जाड. पोर्टच्या बुडाभोवतीही लिंपा. खाली जमिनीच्या सांध्यापर्यंत या, आणि त्या सांध्यावर दोन्ही बाजूंना थोडं पुढे जा, कारण दाब दिला की माल पहिल्यांदा तिथून निसटतो. टॉर्च तिरका धरून बघा. टाचणीएवढं छिद्र राहिलं तरी उद्या तिथून फेस येईल.

आता हात धुवा आणि वर जा. डब्यावर चार-सहा तास लिहिलेलं असतं, पण ते खोलीच्या गरम हवेचं माप आहे. बेसमेंट थंड असतं. रात्रभर राहू द्या. सकाळी नख दाबून बघा. नखाची खूण उमटली तर अजून थांबा.

दुसरा दिवस: भरणं

सुरुवात करण्याआधी खिडकी उघडा, पंखा बाहेरच्या दिशेने लावा. पॉलीयुरेथेन ओलं असताना त्यात आयसोसायनेट असतात, ते श्वासाला त्रास देतात. घरात कुणाला दमा असेल, गरोदर बाई असेल, लहान मूल असेल, तर त्या दिवशी त्यांना खाली येऊ देऊ नका. पुसायला अॅसिटोन वापरणार असाल तर एक विसरू नका: गॅसचा वॉटर हीटर बहुतेक त्याच खोलीत असतो आणि त्याच्या पोटात ज्योत असते. अॅसिटोनची वाफ पेट घेते.

मालाच्या नळ्या रात्री वर घरातच ठेवा. थंड माल मधासारखा दाट होतो, बारीक भेगेत शिरत नाही.

आधी पाणी. सर्वांत खालच्या पोर्टमध्ये पिचकारीच्या बाटलीने साधं पाणी ढकला. ते वरच्या पोर्टमधून बाहेर आलं की दोन गोष्टी कळतात: वाट मोकळी आहे, आणि लिंपण कुठे फुटकं आहे. शिवाय पॉलीयुरेथेनला फुगायला हवी ती ओल आत पोचते. (इपॉक्सी वापरत असाल तर हे पाणी अजिबात नाही.) लिंपणातून पाणी झिरपलं तर ती जागा वाळवून पुन्हा लिंपा.

मग नळीला चोच लावा, पहिले दोन-चार ढकले जुन्या डब्यात टाका. चोचीतून एकसारख्या रंगाचा माल यायला लागला की ती खालच्या पोर्टला लावा. खालूनच सुरू करायचं, म्हणजे आतली हवा आणि पाणी वर निघून जातं. गनचा खटका एकदा दाबा आणि थांबा. माल आत सरकायला वेळ लागतो. पुन्हा एकदा दाबा, पुन्हा थांबा. बारीक भेगेत एका पोर्टला पाच-पाच मिनिटं जातात, आणि सगळं काम फसतं ते याच पाच मिनिटांत. जोराने दाबलं की लिंपण उखडतं. माझ्या दुसऱ्या पोर्टपाशी बराच वेळ काहीच हललं नाही. मग वरच्या पोर्टच्या तोंडाशी आधी पाण्याचा एक थेंब आला, त्यामागे बुडबुडे, आणि त्यामागे पिवळसर दाट माल वर चढला. तो दिसला की खालच्या पोर्टला टोपण लावा आणि वर सरका.

दरम्यान चोच विसरू नका. दोन-तीन मिनिटं माल थांबला की तो चोचीतच घट्ट होतो. अशा वेळी जोर न लावता नवी चोच लावा. एखादा पोर्ट मालच घेत नसेल तर त्याच्या वरच्यात भरा. बऱ्याचदा माल वरून खाली त्याच्यापर्यंत येतो. लिंपणातून फेस फुटला तर फडक्याने दाबून धरा, मिनिटभर थांबा. फेस स्वतःच घट्ट होऊन ते भोक बुजवतो.

शेवटच्या पोर्टपर्यंत पोचलात की खालच्या दोन-तीन पोर्टची टोपणं काढून पुन्हा एकदा थोडं थोडं ढकलून बघा. सुरुवातीचा माल आत पसरून जागा झालेली असते. या दुसऱ्या फेरीत माझ्या तळच्या पोर्टने बराच माल घेतला. भिंतीचा तळ हाच पाण्याच्या जास्तीत जास्त दाबाचा भाग, त्यामुळे ही फेरी टाळू नका.

त्यानंतर

एक दिवस हात लावू नका. मग पोर्टना बाजूने हातोडीची टिचकी मारा, ते तुटून येतात. बाहेर आलेला फेस चाकूने कापा. लिंपण काढायचं की ठेवायचं हे तुमच्या डोळ्यांवर. मी ठेवलं आहे.

मग पावसाची वाट न बघता परीक्षा घ्या. बाहेर भेगेच्या जागी जमिनीवर बागेचा नळ हळू सोडा, तासभर. घरातलं दुसरं माणूस आत टॉर्च घेऊन बसू दे. ओल दिसली तर नेमकी कुठल्या उंचीवर, तिथे पेन्सिलीने खूण करा. तेवढ्या फूटभर भागातलं लिंपण काढून, दोन नवे पोर्ट जवळजवळ लावून पुन्हा भरता येतं. सगळं नव्याने करावं लागत नाही.

भिंतीवर लगेच रंग किंवा ड्रायवॉल चढवू नका. एक पूर्ण हिवाळा आणि बर्फवितळी जाऊ द्या, भेग उघडी ठेवून बघा. कामाचे फोटो आणि तारखा जपून ठेवा; घर विकताना घेणारा विचारतोच. आणि भेग भरली म्हणून रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची चाचणी सोडू नका. हा वायू मातीतून येतो, फक्त भेगा बुजवून तो पुरेसा कमी होत नाही. चाचणीत ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त आलं तर त्याची वेगळी व्यवस्था करावी लागते.

विम्याचं एक सांगते. मातीतून झिरपून आलेल्या पाण्याचं नुकसान घराच्या साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. भेग भरल्यानंतरही मखराचा खोका आता मी पुठ्ठ्याचा ठेवलेला नाही. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आहे, आणि तो जमिनीपासून दीड फूट वर फळीवर आहे.